प्रथिनांचा आकार पालटणारी विकरे: प्रोलिल आयसोमरेजविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेशीतील प्रथिनांचे नियमन कसे होते, हे पाठ्यपुस्तकांत शिकवताना बहुतेक वेळा काहीतरी जोडण्याची किंवा तोडण्याची उदाहरणे दिली जातात: फॉस्फेट गट चिकटवला जातो, प्रथिनाचा तुकडा छाटला जातो, युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची खूण लावली जाते. प्रोलिल आयसोमरेज या विकरांचे (एन्झाइमांचे) काम या चौकटीत बसत नाही. ती काही जोडत नाहीत आणि काही तोडतही नाहीत. प्रथिनाच्या साखळीतील एका विशिष्ट बंधाभोवती साखळीला अर्धा वेढा फिरणे सोपे करतात, आणि तेवढ्याने प्रथिनाचे वर्तन बदलू शकते. जीवरसायनशास्त्राचे विद्यार्थी व शिक्षक, तसेच अवयव प्रत्यारोपणानंतर टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांचे कुटुंबीय यांना या विषयात जे प्रश्न पडतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

प्रोलिल आयसोमरेज म्हणजे नेमके काय?

प्रथिन ही अमिनो आम्लांची साखळी असते. शेजारच्या दोन अमिनो आम्लांना जोडणारा पेप्टाइड बंध कागदावर एकेरी रेघेने काढला जात असला, तरी त्यात दुहेरी बंधाचा अंश असतो, आणि म्हणून त्याच्याभोवती साखळीला मोकळेपणाने फिरता येत नाही. या बंधाला दोनच स्थिती मानवतात. साखळीचा मागचा आणि पुढचा भाग बंधाच्या विरुद्ध बाजूंना असेल तर ती ट्रान्स स्थिती, आणि दोन्ही भाग एकाच बाजूला असतील तर ती सिस स्थिती. दोहोंमध्ये १८० अंशांचा फरक असतो. प्रोलीन या अमिनो आम्लाच्या लगेच आधी येणारा पेप्टाइड बंध एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत जाण्याची क्रिया वेगाने घडवून आणणाऱ्या विकरांना प्रोलिल आयसोमरेज म्हणतात.

त्यांची तीन मोठी कुळे आहेत: सायक्लोफिलिन, एफकेबीपी आणि पार्व्ह्युलिन. तिन्ही कुळांतील अमिनो आम्लांचे क्रम एकमेकांशी जुळत नाहीत, तरीही काम तेच आहे. जिवाणूंपासून माणसापर्यंत सर्वत्र ती आढळतात, आणि माणसात पहिल्या दोन कुळांची प्रत्येकी पंधरा-वीस प्रथिने आहेत.

वीस अमिनो आम्लांपैकी प्रोलीनचीच एवढी चर्चा का?

इतर अमिनो आम्लांची बाजूची साखळी मोकळी लोंबत असते. प्रोलीनची मात्र वळून मुख्य साखळीतील नायट्रोजनलाच जोडलेली असते, त्यामुळे पाच अणूंचे एक कडे तयार होते. इतर ठिकाणी सिस स्थितीत शेजारचे कार्बन अणू एकमेकांवर आदळतात आणि ट्रान्स स्थितीत ही अडचण राहत नाही, म्हणून साखळी जवळजवळ नेहमीच ट्रान्स राहते. प्रोलीनच्या बाबतीत नायट्रोजनच्या दोन्ही अंगांना कार्बन असल्यामुळे कोणत्याही स्थितीत थोडीशी दाटी होतेच, आणि दोन स्थितींमधील ऊर्जेचा फरक लहान होऊन जातो.

आकडे पाहिले तर हे चटकन ध्यानात येते. ज्या प्रथिनांची त्रिमितीय रचना ठाऊक आहे, त्यांत प्रोलीनपूर्वीच्या शंभर बंधांपैकी पाच-सहा सिस सापडतात. इतर पेप्टाइड बंधांत हे प्रमाण दहा हजारांत तीन-चार एवढेच आहे. घडी न पडलेल्या लहान पेप्टाइडांमध्ये प्रोलीनपूर्वीच्या बंधांत सिसचा वाटा दहा ते तीस टक्क्यांपर्यंत असतो.

एका बंधाच्या फिरण्याने प्रथिनात एवढा काय फरक पडतो?

दोन प्रकारे फरक पडतो. पहिला आकाराचा: साखळीच्या मध्यावर एक बंध सिसमध्ये गेला की पुढचा सगळा भाग वेगळ्याच दिशेला वळतो, आणि जे दुसरे प्रथिन येऊन तेथे बसणार होते त्याला आता जागा मिळत नाही, किंवा आधी न मिळणारी जागा मिळते.

दुसरा फरक वेळेचा आहे, आणि माझ्या मते तो अधिक महत्त्वाचा असूनही शिकवताना मागे पडतो. दोन स्थितींमधील ऊर्जेचा फरक लहान असला, तरी त्यांच्यामधला अडसर मोठा आहे: सुमारे ८० ते ९० किलोज्यूल प्रति मोल. त्यामुळे विकराविना ही उलथापालथ व्हायला कित्येक सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंत वेळ लागतो. पेशीत संदेशवहनाच्या अनेक क्रिया सेकंदाच्या हजाराव्या भागात होत असताना हा वेळ फार लांबचा ठरतो. १९७५ मध्ये ब्रँड्ट्‌स आणि सहकाऱ्यांनी असे सुचवले की, उलगडलेल्या प्रथिनाची पुन्हा घडी पडताना काही रेणू जे रेंगाळतात, त्याचे कारण प्रोलीनपूर्वीचे चुकीच्या स्थितीत अडकलेले बंध आहेत. रायबोन्यूक्लिएज ए हे याचे गाजलेले उदाहरण आहे. त्यात चार प्रोलीन आहेत, आणि घडी पूर्ण झालेल्या प्रथिनात ९३ व्या व ११४ व्या क्रमांकाच्या प्रोलीनपूर्वीचे बंध सिस असावे लागतात. उलगडलेल्या साखळीत ते बहुतांशी ट्रान्समध्ये जातात, आणि परत येताना प्रथिनाला खोळंबून राहावे लागते.

हे विकर प्रथिनाला हवा तो आकार देते, असे म्हणता येईल का?

असे म्हणू नये. या विषयातील सर्वांत मोठा गैरसमज हाच आहे, आणि तो चांगल्या लेखनातही डोकावतो.

दोन गावांच्या मध्ये घाट आहे असे समजा. घाटातून बोगदा काढला म्हणून गावांची समुद्रसपाटीपासूनची उंची बदलत नाही. चढण तेवढी वाचते, आणि वाहतूक दोन्ही दिशांनी सुकर होते. प्रोलिल आयसोमरेज हेच करतात. सिसकडून ट्रान्सकडे आणि ट्रान्सकडून सिसकडे या दोन्ही क्रियांचा वेग ती सारख्याच प्रमाणात वाढवतात. समतोलावर दोन्ही स्थितींचे जे प्रमाण असते ते विकराने बदलत नाही. या कामाला एटीपीची, म्हणजे पेशीच्या ऊर्जावाहक रेणूची, ऊर्जाही लागत नाही.

मग नियमन कोठून येते? पेशी समतोलावर नसते, तेथून येते. एखादे कायनेज सतत नवा फॉस्फेट लावत असेल, एखादे फॉस्फटेज तो काढत असेल, प्रथिनाची एक स्थिती दुसऱ्या प्रथिनाला जोडली जात असेल किंवा विघटनाकडे पाठवली जात असेल, तर यांपैकी प्रत्येक क्रिया दोनपैकी एकाच स्थितीची मागणी करते. ती स्थिती वापरली गेली की तिचा साठा भरून निघायला जो वेळ लागतो, त्यावर सगळ्या साखळीक्रियेचा वेग ठरतो. विकर हजर असेल तर साठा क्षणात भरतो, नसेल तर मिनिटे जातात. दिशा पुढच्या-मागच्या क्रिया ठरवतात. विकराच्या हाती वेग आहे. पुढील सर्व उत्तरे याच एका मुद्द्यावर उभी आहेत.

एकही सहसंयुज बंध न तोडता विकर ही क्रिया वेगवान कशी करते?

सायक्लोफिलिन ए मध्ये ५५ व्या स्थानी असलेले आर्जिनीन प्रोलीनच्या नायट्रोजनशी हायड्रोजन बंध जोडते. नायट्रोजनवरील इलेक्ट्रॉन जोडी तेथे गुंतली की पेप्टाइड बंधातील दुहेरी बंधाचा अंश कमी होतो आणि तो वळवायला सोपा जातो. शिवाय विकराची खाच जलद्वेष्टी असल्याने बंधाभोवतीचे पाणी दूर होते. हे आर्जिनीन बदलून तेथे अ‍ॅलानीन बसवले की क्रियाशीलता जवळपास नाहीशी होते. शाबूत विकर मात्र सेकंदाला हजारो वेळा ही उलथापालथ घडवते.

या विकरांचा शोध कसा लागला?

हा शोध एका साध्या पण अत्यंत कल्पक प्रयोगातून लागला, म्हणून तो थोडा जवळून पाहण्यासारखा आहे. सिस-ट्रान्स बदलात वजन बदलत नाही, रंग बदलत नाही, नवा पदार्थ तयार होत नाही. मग तो मोजायचा कसा? पूर्व जर्मनीतील हाले येथे गुंटर फिशर आणि सहकाऱ्यांनी यासाठी कायमोट्रिप्सिन या पचनविकराच्या एका सवयीचा उपयोग केला. अ‍ॅलानीन-अ‍ॅलानीन-प्रोलीन-फिनिलअ‍ॅलानीन अशा लहान पेप्टाइडच्या शेवटी पॅरा-नायट्रोअ‍ॅनिलिन जोडलेले असते. कायमोट्रिप्सिन हा जोड कापते आणि मोकळ्या झालेल्या नायट्रोअ‍ॅनिलिनमुळे द्रावणाला पिवळा रंग येतो. पण प्रोलीनपूर्वीचा बंध ट्रान्स असेल तरच ते कापते.

थंड द्रावणात भरपूर कायमोट्रिप्सिन टाकले की सुमारे नव्वद टक्के पेप्टाइड ताबडतोब कापले जाते आणि पिवळेपणा एकदम चढतो. उरलेले दहा टक्के सिसमध्ये असते. त्याला आधी ट्रान्समध्ये यावे लागते, म्हणून आलेखाची रेघ येथून पुढे सावकाश वर सरकते. हा दुसरा, संथ टप्पा म्हणजेच सिस-ट्रान्स बदलाचे प्रत्यक्ष मोजमाप. त्याच द्रावणात डुकराच्या मूत्रपिंडाचा अर्क मिसळला, तेव्हा हा संथ टप्पा वेगवान झाला. याचा अर्थ अर्कात असे काही होते, जे बंध फिरवण्याची क्रिया जलद करत होते. १९८४ मध्ये हे प्रसिद्ध झाले. आजही नवे प्रोलिल आयसोमरेज तपासताना याच पद्धतीचे सुधारित रूप वापरले जाते.

सायक्लोस्पोरिन या औषधाचा याच्याशी काय संबंध?

त्याच १९८४ साली अमेरिकेतील येल विद्यापीठात हँडशुमाकर आणि सहकारी वेगळ्याच प्रश्नाचा पाठपुरावा करत होते. नॉर्वेतील हार्डांगरव्हिडा पठाराच्या मातीतील एका बुरशीपासून मिळालेले सायक्लोस्पोरिन अवयव प्रत्यारोपणात शरीराचा नकार रोखते, हे तोवर माहीत झाले होते. पण पेशीत ते कशाला चिकटते हे ठाऊक नव्हते. वासराच्या थायमस ग्रंथीतून त्यांनी ते प्रथिन वेगळे केले आणि त्याला सायक्लोफिलिन असे नाव दिले. त्याचे काम मात्र कळले नव्हते. १९८९ मध्ये फिशर यांच्या गटाने आणि जपानमधील ताकाहाशी, हायानो व सुझुकी यांनी स्वतंत्रपणे दाखवले की, सायक्लोफिलिन आणि मूत्रपिंडातून मिळालेले आयसोमरेज हे एकच प्रथिन आहे. त्याच वर्षी टॅक्रोलिमसला चिकटणारे एफकेबीपी१२ सापडले, आणि तेही प्रोलिल आयसोमरेजच निघाले.

येथे आणखी एक सुंदर गोष्ट आहे. सायक्लोस्पोरिन हे अकरा अमिनो आम्लांचे कडे असते. तेलकट द्रावणात मोकळे असताना त्यातील ९ व्या आणि १० व्या घटकांमधील बंध सिस असतो, आणि सायक्लोफिलिनला चिकटलेल्या अवस्थेत तो ट्रान्स सापडतो. आयसोमरेजला अडवणाऱ्या औषधालाच आपला बंध फिरवून घ्यावा लागतो.

मग ही औषधे आयसोमरेजचे काम बंद पाडून प्रतिकारशक्ती दाबतात का?

नाही. १९८९ नंतर काही काळ बहुतेकांना तसेच वाटत होते, कारण दोन्ही औषधे आपापल्या आयसोमरेजची क्रिया खरोखरच थांबवतात. परंतु रॅपामायसिन हे औषध एफकेबीपी१२ ला टॅक्रोलिमसइतकेच घट्ट चिकटते, त्याची क्रिया तितकीच थांबवते, आणि तरीही प्रतिकारशक्तीच्या टी पेशींवर त्याचा परिणाम वेगळ्या टप्प्यावर होतो. आयसोमरेज बंद पडणे हे खरे कारण असते, तर दोन्ही औषधांचा परिणाम सारखा दिसला असता.

१९९१ मध्ये श्रायबर आणि सहकाऱ्यांनी उत्तर दिले. औषध आणि आयसोमरेज मिळून जो जोडरेणू तयार होतो, तो कॅल्सिन्यूरिन या फॉस्फटेजला जाऊन चिकटतो आणि त्याला निकामी करतो. टी पेशीला परके काही दिसले की पेशीत कॅल्शियम वाढते, कॅल्सिन्यूरिन जागे होते, एनफॅट या प्रथिनावरचे फॉस्फेट काढते, एनफॅट केंद्रकात शिरते आणि टी पेशींना वाढीचा संदेश देणाऱ्या इंटरल्युकिन-२ चे जनुक चालू होते. ही साखळी मध्येच तुटली की टी पेशी नव्या अवयवावर चालून जात नाही. म्हणजे आयसोमरेज येथे औषधाला आधार देणारे प्रथिन म्हणून वापरले जाते. त्याचे स्वतःचे मूळ काम बंद पडणे हा या उपचाराचा गाभा नाही. मराठीत उपलब्ध असलेल्या माहितीत हे दोन मुद्दे वारंवार एकत्र केलेले आढळतात, म्हणून हे इतके स्पष्ट सांगणे आवश्यक वाटते.

रॅपामायसिन कशाला रोखते?

एफकेबीपी१२ आणि रॅपामायसिन यांचा जोडरेणू एमटॉर या कायनेजला अडवतो, जे पेशीची वाढ पोषणद्रव्यांच्या उपलब्धतेप्रमाणे ठरवते. हे औषध ईस्टर बेटावरून कॅनडाच्या मोहिमेने १९६४-६५ मध्ये आणलेल्या मातीतील स्ट्रेप्टोमायसिस या जिवाणूपासून मिळाले. बनारस हिंदू विद्यापीठात औषधनिर्माणशास्त्र शिकलेले सुरेंद्रनाथ सेहगल यांच्या गटाने माँट्रियल येथे ते वेगळे केले आणि १९७५ मध्ये प्रसिद्ध केले. माँट्रियलची प्रयोगशाळा बंद झाल्यावरही सेहगल यांनी ते जिवाणू गोठवून जपून ठेवले, नाहीतर हा धागा तेथेच तुटला असता. १९९९ मध्ये मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी अमेरिकेत त्याला सिरोलिमस या नावाने मान्यता मिळाली. हृदयाच्या धमनीत बसवल्या जाणाऱ्या औषधी थराच्या काही स्टेंटवरही हेच औषध असते.

पिन-१ या विकराला इतके महत्त्व का दिले जाते?

कारण पार्व्ह्युलिन कुळातील हे विकर फॉस्फेटची खूण वाचून काम करते. १९९६ मध्ये लू, हेन्स आणि टोनी हंटर यांनी ते शोधले. एकूण १६३ अमिनो आम्लांच्या या लहानशा प्रथिनाचे दोन भाग आहेत. सुरुवातीचा भाग, ज्याला डब्ल्यूडब्ल्यू क्षेत्र म्हणतात, प्रथिनाला पकडतो. दुसरा भाग बंध फिरवतो. पकडण्याची अट कडक आहे: प्रोलीनच्या लगेच आधी सेरीन किंवा थ्रिओनीन हवे, आणि त्यावर फॉस्फेट लागलेला हवा. उत्प्रेरक भागात ६३ व्या स्थानचे लायसीन आणि ६८ व ६९ व्या स्थानांची दोन आर्जिनीन हे धनभारित त्रिकूट फॉस्फेटच्या ऋणभाराला धरून ठेवते. सायक्लोफिलिन आणि एफकेबीपी यांना असा फॉस्फेट लागलेला तुकडा फारसा चालत नाही.

पेशीविभाजनाची अनेक कायनेज नेमक्या याच जागी, म्हणजे प्रोलीनपूर्वीच्या सेरीन-थ्रिओनीनवर फॉस्फेट लावतात. त्यामुळे पिन-१ त्यांच्या मागोमाग येऊन दुसरी पायरी पूर्ण करते. मूळ शोधनिबंधातच दिसले होते की, मानवी पेशींतून पिन-१ काढून घेतले तर त्या विभाजनाच्या मध्यावर अडकतात आणि ते जास्त झाले तर विभाजन सुरू होण्याआधीच थांबतात. सायक्लिन डी१, पी५३, सी-जून, सीडीसी२५सी अशी पेशीची वाढ व विभाजन यांवर नियंत्रण ठेवणारी प्रथिने पिन-१ ची लक्ष्ये असल्याचे नंतर आढळले.

कायनेज आणि फॉस्फटेज यांना बंध सिस आहे की ट्रान्स, याने काय फरक पडतो?

मोठा फरक पडतो, आणि आधी सांगितलेला वेळेचा मुद्दा येथे प्रत्यक्ष दिसतो. २००० च्या सुमारास झालेल्या अभ्यासांतून समजले की, प्रोलीनपूर्वी फॉस्फेट लावणारी कायनेज ट्रान्स स्थितीलाच फॉस्फेट लावतात, आणि तो काढणारे पीपी२ए हे मुख्य फॉस्फटेजही ट्रान्स स्थितीतीलच फॉस्फेट काढते. फॉस्फेट लागल्यानंतर जे रेणू सिसकडे वळले, ते फॉस्फटेजच्या आवाक्याबाहेर गेले. पिन-१ असेल तर ते झटपट ट्रान्समध्ये परत येतात आणि फॉस्फेट निघतो.

उलट टोकाचे उदाहरणही आहे. जनुकांची आरएनए प्रत काढणाऱ्या आरएनए पॉलिमरेज-२ या विकराच्या शेपटीवरील फॉस्फेट काढणारे एसएसयू७२ हे फॉस्फटेज सिस स्थितीच स्वीकारते. एकाच प्रकारची खूण, पण दोन फॉस्फटेजची मागणी परस्परविरुद्ध.

अल्झायमरच्या आजारात पिन-१ ची भूमिका काय आहे?

चेताकोशांतील सूक्ष्मनलिकांना आधार देणाऱ्या टाऊ प्रथिनावर या आजारात गरजेपेक्षा पुष्कळ जास्त फॉस्फेट लागलेले असतात आणि त्याच्या गुठळ्या होतात. टाऊमधील २३१ व्या स्थानचे थ्रिओनीन व त्यापुढचे प्रोलीन ही पिन-१ ची पकड घेण्याची जागा आहे. १९९९ मध्ये दाखवले गेले की, फॉस्फेट लागल्याने सूक्ष्मनलिकांपासून सुटलेल्या टाऊची बांधणक्षमता पिन-१ मुळे परत येते. २००३ मध्ये पिन-१ चे जनुक काढून टाकलेल्या उंदरांत वय वाढेल तशी टाऊची विकृती आणि चेताकोशांची हानी आढळली. हे दोन्ही पुरावे भक्कम आहेत.

यापुढचा दावा, म्हणजे सिस स्थितीतील टाऊच विषारी असतो आणि तोच आजार पसरवतो, हा मात्र वादाचा विषय आहे. त्या स्थितीला ओळखणाऱ्या प्रतिपिंडांनी उंदरांत डोक्याच्या दुखापतीनंतरची हानी कमी केल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु चुंबकीय अनुस्पंदनाने मोजले असता त्या जागी सिसचे प्रमाण अल्पच आढळते. माझे मत असे की, पिन-१ ची संरक्षक भूमिका मान्य करावी आणि विषारी सिस टाऊचा सिद्धांत तूर्त गृहीतक म्हणूनच शिकवावा.

कर्करोगात तेच विकर घातक कसे ठरते?

अनेक प्रकारच्या गाठींमध्ये पिन-१ चे प्रमाण वाढलेले असते. वाढीचे संदेश देणाऱ्या मार्गांवर प्रोलीनपूर्वीच्या फॉस्फेटच्या खुणा भरपूर असल्याने, विकर वाढले की ते मार्ग अधिक काळ व अधिक जोमाने चालू राहतात. म्हातारपणी मेंदूत जे विकर कमी पडल्याने नुकसान होते, तेच विकर गाठीत जास्त झाल्याने नुकसान होते. म्हणून पिन-१ सरसकट रोखणारे औषध शोधताना दोन्ही बाजू पाहाव्या लागतात. तीव्र प्रोमायलोसायटिक ल्युकेमियावर वापरली जाणारी ऑल-ट्रान्स रेटिनॉइक आम्ल आणि आर्सेनिक ट्रायऑक्साइड ही औषधे पिन-१ लाही चिकटतात असे २०१५ आणि २०१८ च्या शोधनिबंधांत मांडले गेले. त्या आजारातील त्यांचे मुख्य लक्ष्य मात्र पीएमएल-रारा हे जोडप्रथिन आहे, हे विसरू नये.

ही विकरे काढून टाकली तर पेशी मरते का?

बहुतेकदा मरत नाही. बेकरीच्या यीस्टमध्ये आठ सायक्लोफिलिन आणि चार एफकेबीपी आहेत. १९९७ मध्ये ही बाराही जनुके एकाच वेळी काढून टाकली गेली, तरीही यीस्ट जगले. याउलट पिन-१ चे यीस्टमधील रूप असलेले ईएसएस१ हे एकटे काढले की सामान्यतः यीस्ट मरते. उंदीर पिन-१ शिवाय जन्मतात आणि वाढतात. दोष पुढे दिसू लागतात.

हे निष्कर्ष या विकरांचे महत्त्व कमी करत नाहीत. बंध आपोआपही फिरतोच, फक्त सावकाश फिरतो. त्यामुळे जेथे सावकाशपणा परवडतो तेथे उणीव जाणवत नाही आणि जेथे परवडत नाही तेथे रोग होतो.

असा रोग माणसात दिसतो का?

हाडांत दिसतो. हाडांना बळकटी देणाऱ्या कोलॅजन या प्रथिनात प्रोलीन आणि त्याचे बदललेले रूप हायड्रॉक्सिप्रोलीन यांची रेलचेल असते, आणि त्याच्या तीन साखळ्यांचा पीळ बसण्यासाठी प्रत्येक बंध ट्रान्स असणे आवश्यक असते. एक जरी बंध सिस राहिला तरी पीळ तेथपर्यंत येऊन थांबतो. सायक्लोफिलिन बी हे विकर पेशीच्या आंतरद्रव्य जालिकेत हेच काम करते आणि कोलॅजनवरील प्रोलीनमध्ये फेरफार करणाऱ्या एका संकुलाचाही भाग असते. त्याच्या जनुकात आई आणि वडील दोघांकडून बिघाड आलेल्या बालकांमध्ये ठिसूळ हाडांचा आजार, म्हणजे ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा, आढळतो. एफकेबीपी६५ च्या जनुकातील बिघाडामुळेही हाडे ठिसूळ होतात, आणि काही रुग्णांत सांधे आखडलेले असतात.

वनस्पती आणि विषाणू यांच्यातही हे घडते का?

भातात घडते, आणि ते उदाहरण फार नेटके आहे. ऑक्झिन हे संप्रेरक मिळाल्यावर भाताच्या मुळाला उपमुळे फुटावीत यासाठी आयएए११ या रोधक प्रथिनाचे विघटन व्हावे लागते. विघटनाची यंत्रणा त्यातील ट्रिप्टोफॅन आणि प्रोलीन यांमधील बंध सिस असेल तरच ते ओळखते. २०१५ मध्ये दाखवले गेले की, हा बंध फिरवण्याचे काम भातातील एक सायक्लोफिलिन करते. ते बिघडलेल्या रोपांना उपमुळे फुटत नाहीत.

विषाणू तर यजमानाचेच विकर वापरतात. एचआयव्हीच्या कवचप्रथिनातील ९० व्या स्थानच्या प्रोलीनपाशी मानवी सायक्लोफिलिन ए चिकटते, हे १९९३ पासून माहीत आहे; पेशीच्या ट्रिम५ या संरक्षक प्रथिनापासून त्यामुळे कवचाचा बचाव होतो. हेपटायटिस सी च्या विषाणूलाही सायक्लोफिलिन ए लागते. प्रतिकारशक्ती न दाबणारे अ‍ॅलिस्पोरिव्हिर हे सायक्लोस्पोरिनचे रूप त्यासाठी चाचण्यांच्या शेवटच्या टप्प्यापर्यंत गेले होते, पण स्वादुपिंडाच्या दाहाचे रुग्ण आढळल्याने २०१२ मध्ये त्या चाचण्या थांबवाव्या लागल्या.

अक्रोड खाल्ल्याने पिन-१ वर परिणाम होतो, हे खरे आहे का?

नाही. अक्रोडाच्या झाडातील जुग्लोन हा पदार्थ परीक्षानळीत पिन-१ ला निकामी करतो, हे बरोबर आहे. परंतु तो प्रामुख्याने फळाच्या हिरव्या सालीत, पानांत आणि मुळांत असतो, आणि तो सिस्टीन असलेल्या इतर अनेक प्रथिनांवरही तशीच क्रिया करतो. सालीचा काढा किंवा अर्क औषध म्हणून घेऊ नये. पिन-१ वाढवण्याचा सिद्ध झालेला आहारही नाही.

आमच्या घरातील व्यक्ती टॅक्रोलिमस घेते. या विकरांच्या दृष्टीने काही पथ्य आहे का?

विकरासाठी वेगळे पथ्य नाही. जे पथ्य आहे ते रक्तातील औषधाच्या पातळीसाठी आहे. उपयुक्त आणि अपायकारक पातळी यांत अंतर कमी असल्याने डॉक्टर सकाळच्या गोळीआधी रक्त तपासायला सांगतात. तपासणीच्या दिवशी गोळी आधी घेऊ नये, नमुना दिल्यावर घ्यावी. यकृत आणि आतड्यांतील सीवायपी३ए४ हे विकर टॅक्रोलिमस व सायक्लोस्पोरिन यांचे विघटन करते. ग्रेपफ्रूट ते विकर रोखते, त्यामुळे औषधाची पातळी वाढते. पपनस हे त्याच्या जवळचे फळ असल्याने तेही टाळावे. काही बुरशीरोधक गोळ्यांनी व प्रतिजैविकांनी पातळी वाढते, क्षयरोगावरील रिफाम्पिसिनने ती बरीच घटते. म्हणून कोणतेही नवे औषध, आयुर्वेदिक असले तरी, प्रत्यारोपण करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये.

एखाद्या क्रियेत प्रोलीनचा बंध फिरणे हेच कारण आहे, हे संशोधक कसे सिद्ध करतात?

प्रोलीनच्या जागी अ‍ॅलानीन बसवून क्रिया थांबली, एवढ्यावर निष्कर्ष काढणे पुरेसे नसते, कारण त्या बदलाने साखळीचा ताठरपणाही जातो. विकराची क्रिया मारली पण बांधणक्षमता राखली, असे बदललेले विकर पेशीत घालून पाहणे ही त्याहून चांगली कसोटी आहे. औषधांच्या बाबतीत आपण पाहिलेच की बांधणे आणि फिरवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सर्वांत थेट मार्ग २००५ मध्ये सेरोटोनिनच्या ५-एचटी३ ग्राहीवर वापरला गेला. हा ग्राही म्हणजे चेताकोशाच्या पटलातील एक आयनमार्ग आहे. त्यातील एका ठरावीक प्रोलीनच्या जागी संशोधकांनी निसर्गात न आढळणारी प्रोलीनची रूपे एकेक करून बसवली. प्रत्येक रूपाचा सिसकडे कल किती, हे आधीच मोजलेले होते. सिसकडे कल जितका अधिक, तितका तो मार्ग कमी सेरोटोनिनवर उघडला, आणि बंध फिरूच न देणारी रूपे बसवल्यावर तो उघडलाच नाही.